ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवलंय? आधी ते परत बसवा

कराड : गाळप हंगाम जवळ आला की कराड, वाळवा, पलूस भागात गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत ट्रॉल्यांची रांग लागते. फाळका बदलायचा, साखळीचे हुक जोडायचे, नांगराचे फाळ घासायचे. दुकानदाराला वेळ नसला तर शेतकरी हे काम घरीच उरकतात. कारण चार इंची ग्राइंडर, ज्याला कोणी 'कटर' म्हणतं, आता खोरं-पाटीसारखा बऱ्याच घरांत आला आहे. मात्र या मशीनची ताकद तिच्या आकारावरून कळत नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते. या वेगात चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल हे बघायला आणि बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तो तुकडा अडवणारी एकच गोष्ट मशीनवर असते, ती म्हणजे गार्ड. आणि नेमकं तेच काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं.

गार्ड काढण्याची कारणं ठरलेली आहेत. एक, कोपऱ्यात चकती पोहोचत नाही. दुसरं जास्त धोक्याचं : गार्ड काढलं की मोठी चकती बसते. सात इंची चकतीचं भोक मोठं असतं, म्हणून वायसर घालून ती चार इंची मशीनवर बसवायचा जुगाड केला जातो. आता चकतीवर छापलेलं वाचा. चार इंची चकतीवर साधारण १५ हजार आरपीएम लिहिलेलं असतं, सात इंचीवर साधारण साडेआठ हजार. हा आकडा म्हणजे त्या चकतीची शेवटची मर्यादा. साडेआठ हजारांची चकती ११ हजारांवर फिरवली तर ती फुटण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हा पुढे गार्डही नसतं. मशीनवरचा आकडा नेहमी चकतीवरच्या आकड्यापेक्षा कमी हवा, एवढं दुकानातच बघून घ्या.

चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्षही असतं. ती मुदत आहे. चकती डिंकासारख्या रसायनाने बांधलेली असते. ओल लागली, गोठ्यात पडून राहिली, हातातून फरशीवर आपटली, तर ती आतून कमजोर होते आणि वरून काही दिसत नाही. आपटलेली चकती टाकून द्या. पन्नास रुपयांच्या आतली वस्तू आहे. नवी चकती बसवल्यावर मशीन अंगापासून लांब धरून मिनिटभर रिकामी फिरवा आणि समोर कोणाला उभं राहू देऊ नका. पातळ कटिंग व्हीलच्या बाजूने घासायचं नाही. ती फक्त कडेने कापण्यासाठी असते, बाजूचा दाब तिला सोसत नाही.

लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावून फांद्या आणि कुंपणाचे खांब कापणं हा प्रकारही अलीकडे वाढला आहे. स्पष्टच सांगायचं तर हे करूच नका. दात लाकडात अडकला की मशीन झटक्याने मागे उसळते आणि समोर मांडी, पोट किंवा गळा असतो. फांद्यांना कोयता, करवत आहे, नाहीतर चेनसॉ आहे.

आपल्याकडचा आणखी एक धोका लाइटचा आहे. काम चालू असताना लाइट जाते. बटण लॉक केलेलंच राहतं, ग्राइंडर खाली ठेवून माणूस चहाला जातो. तासाभराने लाइट येते आणि मशीन जमिनीवर आपोआप सुरू होऊन गरागरा फिरायला लागते. शेजारी पोर खेळत असलं तर? लाइट गेली की पहिलं काम बटण सोडायचं, दुसरं पिन काढायची. चकती बदलतानाही पिन काढूनच. नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही.

अंगावरच्या कपड्यांकडेही बघा. लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल शर्टाची बाही, सुती हातमोजे, काहीही चकतीत गुंतलं की हात ओढला जातो. बाजूची मूठ लावलेलीच हवी आणि दोन्ही हात मशीनवर हवेत. गॉगल शंभर-दीडशेला मिळतो. रोजच्या चष्म्याने भागत नाही, कण कडेने आत शिरतो.

ठिणग्या कुठे पडतात तेही पाहा. वाळलेलं पाचट, कडब्याची गंजी, डिझेलचा कॅन जवळ नको. रिकाम्या तेलाच्या किंवा औषधाच्या बॅरलचं टाकं करायला ग्राइंडर लावणारे बरेच आहेत. बॅरल रिकामं दिसलं तरी आत वाफ उरलेली असते आणि ठिणगीने तिचा स्फोट होतो. असं बॅरल ग्राइंडरने कापूच नका.

तरीही इजा झालीच तर? डोळ्यात कण गेला तर चोळू नका. दुकानात रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढणारा एखादा 'तज्ज्ञ' असतोच, त्याच्यापुढे डोळा धरू नका. वरवरचा कण स्वच्छ पाण्याने निघून जातो. रुतला असेल तर डोळ्यावर दाब न येता तो झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लोखंडाचा कण डोळ्यात गंजतो, म्हणून उद्यावर टाकू नका.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चुना, माती काही लावू नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर खराब होतं. १०८ ला फोन लावताना बोट तुटल्याचं आधीच सांगा, म्हणजे ते जोडण्याची सोय असलेल्या दवाखान्यात नेता येईल.

अपघातात शेतकऱ्याचा एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून १ लाख रुपयांची तरतूद आहे. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. दवाखान्याची कागदपत्रं जपून ठेवा.