नावाने दिलेला दिलासा

सन १९०७ मध्ये ड्रेस्डेन येथे भरलेल्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत म्यूनिकचे डॉ. सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातील काही बारीक गाठींचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारख्या दिसणाऱ्या, परंतु वर्तनाने निरुपद्रवी वाटणाऱ्या या गाठींना त्यांनी 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगसदृश, असे नाव दिले. १९२९ मध्ये त्यांनीच आपले मत दुरुस्त केले. या गाठी शरीरात पसरू शकतात, असे त्यांनी मान्य केले. आपली चूक आपणच छापून कबूल करणारे पंडित तेव्हाही विरळाच असावेत! नावातील दिलासा मात्र पुढेही टिकून राहिला.

तो रुग्णांना महाग पडला. या गाठी अंतःस्राव निर्माण करणाऱ्या पेशींच्या असतात आणि सेरोटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. यकृत ते निष्प्रभ करीत असल्याने प्रारंभी कळते ते एवढेच, की पोट अधूनमधून दुखते. हे दुखणे गॅसचे वा आम्लपित्ताचे समजून वर्षे निघून जातात. गाठ यकृतात उतरली म्हणजे मग चेहरा एकाएकी लाल होणे, जुलाब, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा निकामी होणे, ही लक्षणे उमटतात. अशा प्रकारच्या गाठींचे 'न्यूरोएंडोक्राइन' हे नाव आपल्याकडे सर्वतोमुखी झाले ते मार्च २०१८ मध्ये, इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला तेव्हा.

जनुकशास्त्राने या कोड्याला हात घातला, तो निराश होण्याची तयारी ठेवूनच म्हणावा लागेल. इतर कर्करोगांत जनुकीय बिघाडांची रास सापडते. येथे ती फारशी सापडत नाही. २०१३ मध्ये 'सीडीकेएन१बी' या जनुकातील बिघाड आढळला खरा, पण तो सुमारे आठ टक्के गाठींतच. बहुसंख्य गाठींत अठराव्या गुणसूत्राची एक प्रत गळालेली असते. तिच्यातील नेमके कोणते जनुक दोषी, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. एकाच रुग्णाच्या आतड्यात पुष्कळदा अनेक गाठी असतात. त्या एकीपासून पसरल्या असाव्यात, असा तर्क होता. अलीकडच्या तपासणीत त्यांपैकी बऱ्याच स्वतंत्रपणे उगवल्याचे दिसले. म्हणजे दोष एखाद्या पेशीत नसून आतड्याच्या त्या सबंध पट्ट्यातच काही घडत असले पाहिजे! काही कुटुंबांत तर लक्षणे नसलेल्या नातेवाइकांची तपासणी करताही गाठी सापडल्या.

उपचार मात्र जनुकांची वाट पाहत थांबले नाहीत. या पेशींच्या पृष्ठभागी सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक विपुल असतात. त्यांना चिकटणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडने गाठीची वाढ लांबते, हे २००९ मध्ये दिसले. त्याच जातीच्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस महिन्यांनंतर रोग न बळावलेल्या रुग्णांचे प्रमाण या उपचाराने ६५ टक्के, तर तुलनेच्या गटात केवळ ११ टक्के होते. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार होते आणि परळला रुग्णांना दिले जाते. पण तिथवर पोहोचायचे तर आधी गावच्या डॉक्टरला या गाठीची शंका यावी लागते.