टाटांची देणगी आणि विज्ञानाची भाषा

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये मुंबईत सुरू झाले, ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अर्थसाहाय्यावर. पुढे केंद्राचा खर्च अणुऊर्जा विभागाने उचलला. सुरुवातीचे काम नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीतून चाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये केंद्राने शिक्षकांना हाताशी धरून कमी खर्चाचे प्रयोग नेले. त्या काळातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र उपकरणांचा नव्हता. केंद्रातील वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की पाठ्यपुस्तकाची मराठी सोपी केली तर मुलांचे विज्ञानाचे आकलन सुधारते. अडसर बुद्धीचा नसून पुष्कळदा भाषेचा असतो.

ठाणे जिल्ह्यातील किन्हवलीसह शहापूर-मुरबाड पट्ट्यात हा मुद्दा अधिकच टोकदार आहे. येथील ठाकूर, कातकरी, वारली मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. पाचवी ते आठवीत अपूर्णांक, घनता, दाब या संज्ञा एकदम अंगावर येतात.

भाषेची ही अडचण दूर करायला टाटांच्या देणगीसारखा पैसा आजही उपलब्ध आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, त्यात शिक्षणही येते. प्रयोगशाळेच्या कपाटांइतकाच हा पैसा शिक्षक-प्रशिक्षणावर आणि सोप्या भाषेतल्या साहित्यावर लागला पाहिजे.