कुठला शब्द अडणार, हे आधीच कळतं

जाफराबादहून सिल्लोडकडे निघालेल्या एसटीत कंडक्टर शेजारी येऊन उभा राहतो. खिडकीतल्या प्रवाशाला उतरायचंय भोकरदनला. पण आज 'भ' निघणार नाही, हे त्याला स्टँड सोडतानाच कळून चुकलेलं असतं. तो म्हणतो, "एक सिल्लोड." जास्तीचे पैसे मोजतो आणि भोकरदनला गुपचूप उतरतो.

असा प्रवासी मी कल्पनेतून उभा केलाय, युक्ती मात्र खरी आहे. अडखळत बोलणारी माणसं मुंबईत असोत की लंडनमध्ये, अशा किती तरी गोष्टी सांगतात. हॉटेलात हवा असतो मसाला डोसा, तोंडातून सुटते ती इडली. 'पाणी' अडलं तर 'तहान लागली' म्हणून भागवायचं. एका शब्दाला दोन-तीन पर्याय सतत तयार ठेवायचे, तेही समोरच्याला पत्ता लागू न देता आणि बोलणं चालू असताना. ही केवढी मोठी भाषिक कसरत आहे! ज्याला आपण 'त्याला बोलता येत नाही' म्हणतो, त्याच्या डोक्यात त्या क्षणी आपल्यापेक्षा दुप्पट शब्द फिरत असतात.

स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. म्हणून बहुतेकांना सगळ्यात अवघड जातं ते नाव सांगणंच. वर्गात, बँकेत, मुलगी बघायला गेल्यावर, फोनवर. आणि नेमकं तिथंच कुणीतरी हसत विचारतं, "सोताचं नाव इसरला का रं?" विसरलेलं काहीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली केलेल्या तोतरेपणाच्या व्याख्येत हेच नेमकं पकडलंय: या माणसाला काय बोलायचंय ते पक्कं ठाऊक असतं, पण त्या क्षणी ते उच्चारता येत नाही, कारण आवाज त्याच्या इच्छेविरुद्ध पुन्हापुन्हा येतो, लांबतो किंवा थांबतो.

मला यातलं सगळ्यात अद्भुत वाटतं ते 'आधीच कळणं'. वाक्य अजून अर्ध्यावर असतं, घोटाळा चार शब्द पुढे असतो, आणि बोलणाऱ्याला त्याची चाहूल लागलेली असते. तोच उतारा पुन्हा वाचायला दिला तर माणूस बऱ्याचदा त्याच त्या शब्दांवर अडतो, हे १९३०च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलं होतं. आणखी एक गंमत म्हणजे, दर वाचनाला अडण्याची संख्या कमी होत जाते.

ऐकणारे आपण मोजतो ते 'क-क-क'. संशोधकही वर्षानुवर्षं तेच मोजत आले: शंभर शब्दांत किती वेळा आवाज दोनदा आला, किती वेळा लांबला. १९९० साली विल्यम पर्किन्स या अमेरिकी अभ्यासकाने प्रश्नच उलटा केला. तोतरेपणा म्हणजे ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं ते, की बोलणाऱ्याला काय होतं ते? त्याचं उत्तर होतं: बोलण्यावरचा ताबा सुटणं, आणि तो सुटला की नाही हे फक्त बोलणाराच सांगू शकतो. पुढे २०१९ मध्ये टिचनर आणि यारस यांनी अडखळणाऱ्या प्रौढांनाच विचारलं की तुमच्या दृष्टीने हे आहे तरी काय. त्यांच्या सांगण्यातून एक क्रम निघाला. आधी चाहूल, मग अडकल्याची, ताबा गेल्याची जाणीव, आणि त्यानंतर त्यातून सुटायची धडपड. डोळे मिटणं, मांडीवर हात आपटणं, मान झटकणं यातलं बरंचसं त्या धडपडीत येतं. म्हणजे लोक ज्याला हसतात, तो बऱ्याचदा सुटकेचा प्रयत्न असतो. हे कळल्यावर तरी ते हसू थांबायला हवं.

यातून निघालेला अर्थ मोठा आहे. भोकरदनला उतरलेला तो प्रवासी एकदाही अडखळला नाही. कंडक्टरच्या लेखी तो नीट बोलणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या लेखी मात्र तो अख्खा प्रवास तोतरेपणाचाच होता.

आता हाच माणूस संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभा करा. दहा-बारा आवाज एकत्र लागले की त्याचा 'भ'ही निघतो, 'ज'ही निघतो, कुठेच खोळंबा नाही. गाताना जवळजवळ कुणीच अडखळत नाही. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना, ठेक्यावर शब्द टाकताना, एकट्याने गुराढोरांशी बोलतानाही अडखळणं बहुतेक नाहीसं होतं. शाळेत सगळ्यांबरोबर पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा हजेरीला मुका होतो, तो यामुळेच. मास्तरांना वाटतं, पोरगं सोंग करतंय.

आपल्या घरांत जीभ वळावी म्हणून मुलांकडून मनाचे श्लोक म्हणून घेतात. हे रचणारे समर्थ रामदास जाफराबादच्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म १६०८चा. श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात: एक लघु, दोन गुरू, असं ओळीत चारदा. इतका पक्का ठेका असला की प्रत्येक अक्षर कधी पडणार ते आधीच ठरलेलं असतं. अडखळणाऱ्याला नेमकं तेवढंच बाहेरून मिळायला हवं असतं. बोलण्याची आतली वेळ जुळवण्यात मेंदूच्या खोलवरच्या काही गाठींचा मोठा वाटा असतो, आणि अडखळणाऱ्यांत गडबड तिथल्याच जोडण्यांत असावी, असा आजचा सबळ अंदाज आहे. दिंडीत टाळाचा ठेका मिळाला की थकलेला पाय आपसूक उचलतो, तसं इथं जिभेचं होतं. १९९६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात अडखळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. एकट्याने वाचताना हालचालींचे भाग, विशेषतः उजवीकडचे, जास्तच पेटलेले दिसले. तीच माणसं दुसऱ्या आवाजासोबत वाचू लागली, तेव्हा तो गोंधळ बराचसा निवला. अर्थात देवळाबाहेर पडलं की ठेका मागेच राहतो. म्हणून श्लोकांनी तोतरेपणा 'जातो' असं म्हणता येत नाही.

कारणांबद्दल आपल्याकडे समजुती पुष्कळ. तोतऱ्याची नक्कल केली की आपणही तोतरे होतो. मूल घाबरलं म्हणून असं झालं. जीभ जड आहे, मग वेखंड उगाळून मधातून चाटवा. सुश्रुतसंहितेने दोष दिला तो आवाज वाहून नेणाऱ्या धमन्या वाताने आणि कफाने अडवल्याला. आजची जनुकशास्त्राची गोष्ट याहून विलक्षण आहे. २०१० साली पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरू झालेल्या शोधात जीएनपीटीएबी नावाच्या जनुकातला एक बदल हाती लागला. पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या यंत्रणेशी त्याचा संबंध आहे. पुढच्या वर्षी त्याचं वय काढलं तेव्हा कळलं की हा बदल सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी, याच उपखंडातल्या एखाद्या पूर्वजात झाला असावा. शेती यायच्याही आधी! तोच बदल उंदरांत घातला, तर त्यांच्या पिल्लांच्या आवाजात लांब खंड पडू लागले. थोड्याच लोकांत हा बदल सापडतो, बाकीच्यांचं कोडं अजून सुटायचंय. पण आईच्या रागाने किंवा नक्कल केल्याने हे होत नाही, एवढं पक्कं झालंय.

साधारण शंभरात पाच मुलं दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळू लागतात. बहुतेकांचं आपोआप सुटतं. मोठेपणी शंभरात एकाचं राहतं, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष चौपट. मूल काही महिने सतत अडखळत असेल, तर वाचाउपचार करणाऱ्याला लवकर दाखवलेलं बरं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. जाफराबादहून ती लांब आहे, हे खरंच.

मोठ्यांसाठी दुसरीही वाट आहे. २००८ साली सुरू झालेली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' म्हणजे टिसा ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली संस्था. मुंबई-पुण्यात तिचे गट भेटतात. तिथे एक चमत्कारिक वाटणारा धडा असतो, मुद्दाम अडखळायचा. चहाच्या टपरीवर जायचं, चहावाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि आपण होऊन म्हणायचं, "द-द-दोन चहा." आवाज तोच, पण या वेळी तो बोलणाऱ्याच्या ताब्यात असतो. लपवायचं काही उरलं नाही की चाहूल लागल्यावरची ती घाबरगुंडी, ती शब्दांची पळापळ ओसरू लागते. यातले पुष्कळ जण सांगतात की अडखळणं फारसं कमी झालं नाही, दमणं मात्र खूप कमी झालं. हवं तेच मागवता येऊ लागलं.