राधाचं घर, धारूरहून पाहताना

माधुरी पुरंदरे मुलांच्या पुस्तकांकडे वळल्या त्या बराच पल्ला मारून. जन्म 1952चा, पुण्यातला. चित्रकलेचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे फ्रान्समध्ये. परतल्यावर पुण्यात फ्रेंच शिकवलं. 1978 साली जब्बार पटेलांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला, त्यात त्या गात होत्या. जुन्या नाटकवेड्यांना त्या आजही आधी गायिका म्हणून आठवतात. पिकासोचं चरित्र लिहिलं, बेकेटचा गोदो मराठीत आणला. वडील बाबासाहेब पुरंदरे, त्यामुळे घरात शब्दांची ददात नव्हतीच. पण बालपुस्तकांचा धागा मला आईकडे सापडतो.

निर्मलाताई पुरंदऱ्यांनी 1981 साली ‘वनस्थळी’ संस्था सुरू केली. खेड्यापाड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. संस्थेच्या नियतकालिकाचं संपादन माधुरीताईंनी केलं. बालवाडीत पुस्तकाची परीक्षा फार लवकर होते. शेवटी तात्पर्य येणार असा वास आला की चार वर्षांचं पोर सरळ उठून जातं. माधुरीताईंचा ‘राधाचं घर’ हा पुस्तकसंच वाचताना ही जाण पानोपानी दिसते.

घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक, एवढाच तो मामला. राजा नाही, राक्षस नाही, बोलणारा ससाही नाही. मराठी बालवाङ्मय तोवर एकतर परीच्या मागे धावत होतं नाहीतर मुलांना सुधारत होतं; साधं नांदतं घर कुणाला पुस्तकाजोगं वाटत नव्हतं. शिवाय लिहिणारा एक, चित्रं काढणारा दुसरा, आणि दोघांची गाठ बहुधा छापखान्यातच. इथे दोन्ही हात एकाच बाईचे. त्यामुळे जे चित्रात आहे ते वाक्यात पुन्हा सांगायची गरज उरली नाही. ‘यश’ची पुस्तकं, ‘सख्खे शेजारी’, ‘पाचवी गल्ली’ ही सगळी त्याच वाटेवरची.

स्वीडनमध्ये गुनिला बर्गस्त्रोम या लेखिका-चित्रकर्तीनं 1972 साली आल्फोन्स नावाचा मुलगा असाच घरातून उचलला होता. बापलेक दोघंच राहतात आणि पहिल्या पुस्तकात आल्फोन्सला झोपायचं नसतं. बस्स, गोष्ट एवढीच. दोघींना एकाच रांगेत बसवायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

आता धारूरचं. बीड जिल्ह्यातला हा ऊसतोडीचा तालुका. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि अर्धी गावं कारखान्याला जातात. काही पोरं आईबापाबरोबर फडावर, काही आजीजवळ मागे. अशाच मागे राहिलेल्या दुसरीतल्या एका मुलीनं ‘राधाचं घर’ मांडीवर घेतलं होतं. आजीच्या पुस्तकापाशी ती बराच वेळ रेंगाळली. मग पुस्तक उलटंपालटं करून तिनं विचारलं, “हिच्या घरचं कुणीच कारखान्याला जात नाही?”

प्रश्न रास्त होता. राधाचं घर पुण्याकडचं, पगारी माणसांचं. तिथली शांतता, तिथला निवांतपणा आमच्याकडच्या मुलांना उपरा वाटणारच. तरी आजीच्या पुस्तकापाशी ती अडली हेही खरं, कारण तिच्या घरात सहा महिने आजी हेच सगळं घर असतं.

माधुरीताईंच्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र ‘वाचू आनंदे’. मराठीतले निवडक उतारे, कविता आणि त्यांच्या शेजारी चित्रकारांची चित्रं. ‘लिहावे नेटके’नं तर व्याकरणाचा धाकच काढून टाकला. ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनानं देखणी काढली, पण धारूरच्या दुकानात गाईड आणि भरतीच्या पुस्तकांच्या ढिगात ती शोधायला जाऊ नये. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो एका पुस्तकासाठी नव्हे, एकूण कामासाठी. 2016 साली टाटा ट्रस्टचा पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारही त्यांनाच.

त्या मुलीच्या प्रश्नाचं गाऱ्हाणं मात्र माधुरीताईंकडे नेण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्याला ठाऊक असलेलं घर काढलं, आणि न ठाऊक असलेल्या घराबद्दल कळवळा दाखवला नाही, हे बरंच केलं. फडावरची खोप, बैलगाडीखाली झोपवलेलं तान्हं, पहाटे भाकरी बांधणारी आई हे काढायला आमच्याच डोंगरपट्ट्यातलं कुणीतरी पाहिजे. हातात कोयता धरलेल्या घरातून आता मास्तर, नर्स, तलाठी निघू लागलेत. त्यांच्यातल्या एखाद्यानं आधी ‘राधाचं घर’ नीट पाहावं आणि मग ब्रश हातात घ्यावा.