‘डबल प्रोसेसर’ म्हणजे नक्की काय?

आमच्या बचत गटाने हिशेब ठेवायला आणि मुलींना टायपिंग शिकवायला एक जुना कॉम्प्युटर घेतला. दुकानदार म्हणाला, “ताई, डबल प्रोसेसर आहे, दोघांचं काम एकटा करेल.” आम्ही खूश! वर्षभराची शिल्लक त्यात घातली. पण हिशेबाची फाइल उघडायला टाकून चहा ठेवला, तर चहा आधी व्हायचा.

दिवाळीत गटातल्या एका ताईंची मुलगी आली, ती डिप्लोमाला आहे. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, ‘परफॉर्मन्स’वर गेली, सीपीयू निवडला. खाली लिहिलं होतं: सॉकेट्स १, कोअर्स २. “मावशी, प्रोसेसर एकच आहे,” ती म्हणाली.

हे समजायला शेगडी डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर म्हणजे शेगडी आणि कोअर म्हणजे तिचा बर्नर. आमच्याकडे आली ती दोन बर्नरची एक शेगडी. खरा डबल प्रोसेसर म्हणजे ओट्यावर दोन वेगळ्या शेगड्या. आणि बर्नर कितीही असले तरी एका पातेल्यातला भात लवकर शिजत नाही. वेगवेगळी पातेली असली तरच त्यांचा उपयोग.

दुकानदार सरळ खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, कारण नावांचाच गोंधळ आहे. आमच्या कॉम्प्युटरवर ‘कोअर टू ड्युओ’ लिहिलं होतं. इंटेलने हे नाव २००६ साली आणलं. त्यातला ‘टू’ म्हणजे कोअर मालिकेची दुसरी आवृत्ती, आणि दोन कोअर सांगतो तो ‘ड्युओ’. त्याच मालिकेत चार कोअरचा ‘कोअर टू क्वाड’ होता आणि लॅपटॉपसाठी एकाच कोअरचा ‘कोअर टू सोलो’सुद्धा! शिवाय ‘पेंटियम डी’ आणि ‘पेंटियम ड्युअल कोअर’ हे आणखी वेगळे. एवढं कोण लक्षात ठेवणार?

पुढे आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन आले. हे आकडे कोअरचे नाहीत, दर्जाचे आहेत, आणि तोही त्या त्या पिढीपुरता. २०११ सालच्या आय सेव्हन २६०० ला चार कोअर आहेत. २०२२ सालच्या आय थ्री १२१०० लाही चारच, पण तो त्या जुन्या आय सेव्हनपेक्षा वेगवान आहे. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. म्हणून नुसतं “आय सेव्हन आहे” म्हणणाऱ्याला पुढचा नंबर विचारायचाच. विंडोज ११ साठी तर साधारण आठव्या पिढीपासूनचाच इंटेल प्रोसेसर लागतो.

आणि कोणी “आय सेव्हन, तोही डबल प्रोसेसर” म्हणालं, तर सरळ उठून यावं. आय मालिकेतले दोन प्रोसेसर एका बोर्डावर चालतच नाहीत. इंटेलमध्ये त्यासाठी ‘झिऑन’ लागतो. कंपन्यांनी काढून टाकलेली अशी मोठी यंत्रं जुन्या बाजारात खरोखरच मिळतात. उदाहरणार्थ, २०१२ सालचा झिऑन ई फाइव्ह २६७०. त्याला आठ कोअर, म्हणजे दोघांचे मिळून सोळा. व्हिडिओचं किंवा मोठ्या चित्रांचं काम करणारीला ते उपयोगी पडतील. पण त्यातल्या एकेकाची मर्यादा ११५ वॉटची, म्हणजे जोरात काम चालू असताना दोन प्रोसेसरच २३० वॉटच्या घरात जातात, बाकीचं वेगळंच. आमच्यासारखं इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्यांनी विचार करावा. त्यात विंडोजची होम आवृत्ती टाकली असेल, तर ती एकच प्रोसेसर वापरते, दुसरा नुसता बसून राहतो. दोन्ही चालायला प्रो आवृत्ती लागते.

हिशेब आणि टायपिंग यांना एक बऱ्यापैकी नवा प्रोसेसर पुरतो. घेताना कॉम्प्युटर दुकानातच चालू करून ती तीन बटणं दाबा, आणि प्रोसेसरचं नाव पूर्ण नंबरासकट पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर ‘कॉम्प्युटर, नग १’ एवढंच होतं. परत गेलो तेव्हा दुकानदाराने तीच पावती आमच्यापुढे सरकवली.