पासिंगचा दिवस आणि उरलेले दिवस

आमच्या मामूंकडे एक जुनी जीप होती. पासिंगची तारीख जवळ आली की घरात लग्नघराची लगबग सुरू होई. एका वर्षी मामूंनी मित्राच्या गाडीचे चांगले टायर दोन दिवसांसाठी मागून आणले. जीप पास झाली, टायर परत गेले. पुढच्याच आठवड्यात जुन्या, गुळगुळीत टायरांवर आम्ही भर पावसात कसारा घाट उतरत होतो. एका वळणावर गाडी घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलेही नाही. पण मामू बराच वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून गप्प बसून राहिले.

नाशिककरांना जीपचे कौतुक फार. महिंद्रांचा कारखानाच आपल्या सातपूरला. ‘जुनी जीप तपासणीत टिकते का?’ हा प्रश्न म्हणूनच इथे घरोघरी निघतो.

आधी नियम पाहू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. प्रवासी वाहतुकीच्या जीपला मात्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणीला जावे लागते. म्हणजे आपल्याकडे निव्वळ वय झाले म्हणून गाडी नापास होत नाही; तिची अवस्था पाहिली जाते.

इथे जुन्या जीपची एक बाजू भक्कम आहे. जाड लोखंडी चासी, पाट्यांचे सस्पेन्शन, साधे इंजिन. बिघडलेला भाग दिसतो, खोलता येतो, बदलता येतो. पण तिची दुखणीही ठरलेली. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात चासीला खालून गंज चढतो. किंगपिन झिजली की पुढची चाके थरथरतात, स्टीअरिंग सैल होते. ड्रम ब्रेकमध्ये पाणी किंवा तेल गेले की गाडी एका अंगाला ओढते. यंत्रावरच्या तपासणीत प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. तिथे डाव्या-उजव्यातला फरक लपत नाही. डिझेलचा धूर मोजतात. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते.

यातले बहुतेक दोष थोड्या खर्चात दूर होतात. वेळेवर ग्रीसिंग, ब्रेकची सफाई, स्वच्छ एअर फिल्टर आणि पावसाळा संपला की चासीखाली एकदा टॉर्च मारून पाहणे, एवढे केले तरी जुनी जीप सहसा मान खाली घालायला लावत नाही. चासीच गंजून पोखरली असेल, तर मात्र वरून रंग देऊ नये. तिला निरोप द्यावा.

फिटनेसचे प्रमाणपत्र सांगते ते त्या एका दिवसापुरते. सप्तशृंगीच्या यात्रेला जीपमध्ये दाटीवाटीने बसलेल्या मायबहिणींना उरलेल्या दिवसांचा भरवसा हवा असतो. त्या घाटानंतर मामूंनी घरी न जाता आधी टायरचे दुकान गाठले. पुढे त्यांच्या घरची पासिंगची लगबग कायमची बंद झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)