सहकुटुंब ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या प्रवासाचा बेत आमच्या घरी दोनदा ठरला. पहिल्या खेपेस तो मी आखला होता आणि तो पुरता फसला. दुसऱ्या खेपेस तो माझ्या आईच्या कानांनी आखला, असे म्हणावे लागेल. गाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी घरची मंडळी घेऊन जायचे तर काय करावे, याविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार मला असलाच, तर तो या पहिल्या फजितीने दिलेला आहे.

२०१७ साली मी दिल्लीत बदलून आलो. ग्वाल्हेर तेथून रेल्वेने साडेतीन-चार तासांवर. मे महिना होता, मुलीच्या शाळेला सुट्टी होती, आणि सरकारी नोकराला दौऱ्याचा कार्यक्रम आखण्याची सवय असतेच. दोन दिवसांत चौदा ठिकाणे मी कागदावर मांडली. प्रत्यक्षात सकाळी दहानंतर किल्ल्यावरचा दगड पाय ठेवू देईना. दुपारी पारा पंचेचाळीस अंशांना टेकला. मुलगी पाच वर्षांची, आई एकाहत्तरची. दोघी आळीपाळीने रडकुंडीस आल्या. ज्या गावाच्या नावाने ख्यालगायनाचे आद्य घराणे ओळखले जाते, त्या गावी दोन दिवस राहून आम्ही एक सूरही न ऐकता परतलो. परतीच्या गाडीत आई एवढेच म्हणाली, "किल्ला छान आहे हो."

ते वाक्य मला फार लागले, कारण ग्वाल्हेर हे आईच्या दृष्टीने किल्ल्याचे गाव नव्हते. तिचे माहेर मिरजेचे. लग्नाआधी सहा वर्षे ती ग्वाल्हेर परंपरेतील एका शिक्षकांकडे गाणे शिकली. पुढे संसारात तंबोरा माळ्यावर गेला तो गेलाच. परंतु 'ग्वाल्हेरची चीज' हा शब्दप्रयोग तिच्या तोंडी पंढरीच्या नावासारखा येई.

मिरजेचा आणि ग्वाल्हेरचा हा संबंध ठाऊक नसेल, तर प्रवासाचा निम्मा रस गेला. एकोणिसाव्या शतकात हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ या बंधूंनी शिंदे दरबाराच्या आश्रयाने ग्वाल्हेरची ख्यालगायकी घडवली. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) ही विद्या घेऊन दक्षिणेत आले. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेत शिकून ते १८९६ साली बाहेर पडले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गाण्याच्या वर्गांत पेटीवर पहिले अलंकार घोटणाऱ्या मुलांचे मूळ शोधत गेलो, तर पुष्कळदा आपण ग्वाल्हेरच्या पेठेत जाऊन पोहोचतो. गाण्यासाठी उत्तरेस जायचे आणि शिकून परत यायचे, ही वाट आपल्या माणसांनी आगगाडी नव्हती तेव्हापासून तुडवलेली आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत आईला कमी ऐकू येऊ लागले. आधी उंच पट्टीतले सूर गेले. सतार तिला "दबकी" वाटू लागली आणि दोष आपल्या रेडिओचा आहे अशी तिची समजूत झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, वयोमानाने हे होतच राहणार. तेव्हा मात्र ग्वाल्हेर पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे राहिले नाही. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो.

आता दुसऱ्या बेताविषयी. पहिली गोष्ट ऋतूची. ग्वाल्हेर गाते ते थंडीत. तानसेन समारोह दरवर्षी डिसेंबरात हजिरा भागातील तानसेनाच्या समाधीच्या आवारात भरतो. १९२४ साली सुरू झालेल्या या उत्सवाचे २०२४ हे शंभरावे वर्ष होते. प्रवेशाला तिकीट नाही. शाळेची सुट्टी या दिवसांत बहुधा नसते. मुलीच्या मुख्याध्यापिकेस मी अर्ज दिला, आणि जन्मभर इतरांचे रजेचे अर्ज तपासणाऱ्या मला तो तीनदा लिहावा लागला. असो.

मुंबईकडील मंडळींना १९१२ पासून धावणारी पंजाब मेल आहे; पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे; नागपूर, हैदराबाद, चेन्नई येथून दिल्लीकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या ग्वाल्हेरावरूनच जातात. परंतु डिसेंबराच्या उत्तरार्धात उत्तरेत धुके पडते आणि गाड्या तासन्तास अडकून पडतात. म्हणून पोहोचण्याच्या दिवशी कोणतेही गाणे ऐकण्याचा संकल्प करू नये, आणि परतीआधी एक दिवस मोकळा ठेवावा. रात्री थंडी बोचरी असते. उत्सवाचा मांडव बाजूंनी उघडा, बैठक रात्री उशिरापर्यंत चालणारी. पुण्यामुंबईच्या स्वेटरचा तेथे निभाव लागत नाही. कानटोपी, मोजे आणि अंगाभोवती दोनदा गुंडाळता येईल अशी घोंगडी बरोबर हवी.

कानटोपीवरून आठवले. ज्यांच्या घरी श्रवणयंत्र वापरणारे कोणी आहे, त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे यासाठी जुळवलेली असतात. सतत चालणारा तंबोऱ्याचा नाद यंत्राला पंख्याच्या घरघरीसारखा निरुपयोगी वाटतो आणि ते तो दाबू पाहते. लांब लावलेला स्वर कधी थरथरतो, कधी चिरकतो. आईने यंत्र लावून गाणे ऐकले की तिला गायक बेसूर वाटत, आणि ते ती मोठ्याने बोलून दाखवी. तज्ज्ञांना विचारता असे कळले की, पुष्कळशा यंत्रांत संगीतासाठी निराळी जुळणी करून घेता येते. निघण्याआधी तीन आठवडे आम्ही ती करून घेतली आणि घरीच ध्वनिमुद्रिका लावून आईला सवय केली. मांडवात बसताना ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी न बसता रंगमंचासमोर, शक्य तितके पुढे बसावे, हेही त्यांनीच सांगितले. त्यासाठी तासभर आधी जावे लागते. आम्ही गेलो.

ध्वनिमुद्रिका म्हटले, ती तयारीची दुसरी बाजू. बारा वर्षांच्या मुलीला एकदम चार तासांच्या मैफलीत नेऊन बसवणे हा मुलीवर आणि मैफलीवर, दोघांवरही अन्याय आहे. महिनाभर रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे आम्ही एकेक गायक ऐकला. कृष्णराव शंकर पंडित हे ग्वाल्हेरातच १८९३ साली जन्मले आणि तेथेच त्यांनी १९१४ साली संगीताची शाळा काढली. त्यांच्या आवाजातला रोखठोकपणा मुलीला प्रथम रुचला नाही. द. वि. पलुसकर तिला लगेच आवडले. मालिनी राजूरकरांचा टप्पा ऐकून मात्र तिने "पुन्हा लाव" म्हटले, आणि मला हायसे वाटले.

या गायकीत काय ऐकायचे, हे आईने तिला ज्या शब्दांत सांगितले त्याहून चांगले मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "आधी सगळी चीज नीट ऐकवतात. स्थायीही, अंतराही. पाहुण्याला आधी घर दाखवावे, मग खोल्या उघडाव्या, तसे." ग्वाल्हेरवाले अनवट रागांच्या मागे फारसे लागत नाहीत, यमन, भूप, अल्हैया बिलावल असे परिचयाचे राग घेतात. लय फार रेंगाळू देत नाहीत. तिलवाड्याच्या सोळा मात्रांत बंदिश स्वच्छ बसवतात, आणि मग बोलतान, सरळ चढत-उतरत जाणारी सपाट तान, गमक असे एकेक अंग दाखवीत जातात. नवख्या श्रोत्याला हे घराणे मानवते ते यामुळे. चीज पाठ झाली की सम कोठे येते हे लहान मूलही सांगू शकते, आणि सम सापडली की मुलाला कंटाळा येत नाही.

किल्ल्यासाठी मी या वेळी फक्त एक सकाळ ठेवली, आणि कुटुंबाच्या दोन तुकड्या केल्या. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने मोटार वर जाते. आई आणि पत्नी त्या वाटेने गेल्या. या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, त्यांतली एक पन्नास फुटांहून उंच. मी आणि मुलगी पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाने पायी चढलो. पायथ्याशी गूजरी महाल, आणि चढावर एका खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर. या देवळातला इ. स. ८७६ चा शिलालेख मुलांना दाखवावा. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजचे हार ५०, असे त्यात अंकांत लिहिले आहे, आणि दोन्ही आकड्यांतले शून्य आपण आज काढतो तसेच वाटोळे आहे. गणिताचा कंटाळा असलेली माझी मुलगी त्या दगडापुढून हलेना.

वर मानमंदिर. राजा मानसिंह तोमर याने १४८६ ते १५१६ या काळात ग्वाल्हेरवर राज्य केले. निळ्या फरशांवरची बदकांची रांग अजून टवटवीत दिसते. ध्रुपदाला देशी भाषेत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत या राजाचे नाव अग्रभागी आहे. 'मानकुतूहल' हा संगीतावरचा ग्रंथ त्याच्या दरबारातला, आणि सतराव्या शतकात फकीरुल्लाने त्याच्या आधारे फारसीत 'रागदर्पण' लिहिले. ख्यालाच्या आधीचे ग्वाल्हेर ते हे. सासबहूचे देऊळ आणि तेली का मंदिर पाहून आम्ही अकराच्या आत खाली उतरलो. उरलेली ठिकाणे मी मुद्दाम सोडली. जयविलास राजवाडा पाहण्यासारखा आहे, त्यातली झुंबरे प्रचंड आहेत. परंतु राजवाडा दुसऱ्या खेपेसही तेथेच असतो.

दुपारी लष्करात हिंडावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तळ दिला, त्या छावणीचेच हे शहर झाले. येथे 'शिंदे की छावणी' आहे. महाराजांचा वाडा येथे 'बाडा' म्हणून नांदतो. राजकवी भा. रा. तांबे यांचे अखेरचे दिवस याच ग्वाल्हेरात गेले. जिवाजीगंजात उस्ताद हाफिज अलीखाँ यांच्या घरात सरोदघर नावाचे वाद्यांचे संग्रहालय आहे. १९१८ साली भातखंडे यांच्या साह्याने सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालयही याच शहरातले. युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीताची नगरी म्हणून आपल्या यादीत घेतले. पाटी नवी आहे. गाव मात्र पूर्वीप्रमाणेच गजक कुटत, शिंगरांसह वाजतगाजत वराती काढीत चालले आहे.

समारोहाचा आरंभ चुकवू नये. सकाळी समाधीपाशी सनई वाजते, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते, आणि लगोलग मिलाद होऊन चादर चढवली जाते. शेजारी महंमद घौस यांची भव्य कबर, नाजूक जाळ्यांची; तिच्या आवारात तानसेनाची समाधी अगदी साधी. जवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी आख्यायिका आहे. मूळचे झाड कधीच गेले. मुलीने नव्या झाडाचे पान चघळून तोंड वेडेवाकडे केले.

सायंकाळच्या सत्रांत थोरामोठ्यांची गर्दी असते. पण ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसे व मुले आहेत, त्यांनी सकाळचे सत्र धरावे. ऊन असते, जागा मिळते. आम्ही एका सकाळी दुसऱ्या रांगेत बसलो. गायकाने तिलवाड्यात बडा ख्याल सुरू केला. पहिली काही आवर्तने आई नुसती पाहत होती, आणि तिला काही ऐकू येते की नाही, हे विचारण्याचे मला धाडस होईना. मग तिच्या मांडीवरची बोटे हलू लागली. अंतऱ्याच्या समेला तिने मान दिली ती गायकाच्या बरोबर. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "आजीला ही चीज येते."

नंतर आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वरचा षड्ज नाही आला मला. तो मी आतून लावला."

मोकळा ठेवलेला शेवटचा दिवस आम्ही बेहट या तानसेनाच्या जन्मगावी घालवणार होतो. ते ग्वाल्हेरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे, आणि समारोहाचे एक सत्र तेथेही होते. आई नको म्हणाली. तिला पुन्हा समाधीवरच जायचे होते. मांडवात तेव्हा कोणी गात नव्हते. कामगार सतरंज्या झटकत होते. तिने यंत्र काढून पिशवीत ठेवले, उन्हात पायरीवर बसली आणि नातीला ती सकाळची चीज शिकवू लागली. आवाज फाटत होता, शब्द दोन ठिकाणी अडले. मुलगी हातावर मात्रा मोजत होती. स्थायी झाली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. अंतरा गाडीत सांगते, असे आई म्हणाली.

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा आली. फलाटावर अंतराही झाला.